डांबरावरचा आवाज

फेब्रुवारीत मी वर्धा जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या गल्लीतली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "सेवाग्राम बघितलं का?" नाही बघितलं. वर्ध्याच्या स्टेशनाबाहेर तिकडे जाणारे टांगे उभे होते, तेवढे बघितले. मी गेलो होतो एका जुन्या ट्रकचा आवाज ऐकायला. एवढं सांगितलं की समोरचा हसतो, आणि मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. इतक्यांना सांगून झालं की म्हटलं, आता एकदा लिहूनच काढावं.

नारायण आणि मी फौजेत बरीच वर्षं एका वर्कशॉपमध्ये होतो. तो ड्रायव्हर, मी मेकॅनिक. माझ्याआधी तो पेन्शनीत गेला आणि कारंजा घाडगेजवळच्या आपल्या गावी संत्र्यांची बाग करू लागला. जाताना त्यानं लष्करानं लिलावात काढलेला एक जुना ट्रक घेतला. चारी चाकांना इंजिनाचा जोर मिळणारा, चिखलातून, वाळूतून, नाल्यातून चालणारा. त्या भागात त्याला सगळे 'डिस्पोजल' म्हणतात. ट्रक म्हणत नाहीत की गाडी म्हणत नाहीत. "डिस्पोजल आली का?" असंच.

कोल्हापुरात मी आता शेतीची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. तिथं नारायणचं कार्ड आलं. गाडी आवाज करते, स्टिअरिंग हातात राहत नाही, इथल्या मिस्त्र्यांचं सगळं करून झालं, उस्ताद, तू एकदा येऊन ऐक. शेवटी एक ओळ होती, 'संत्री झाडावर आहेत.' ती ओळ वाचली आणि मी पिशवी भरली.

कारंजा

पुण्याला गाडी बदलून वर्धा, तिथून एसटीनं आर्वी आणि आर्वीहून कारंजा. त्या प्रवासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. अंग मोडून निघालं. पण आर्वी सोडल्यावर खिडकीतून जे दिसलं ते सांगतो. आमच्याकडे उसामुळे रान वर्षभर हिरवं असतं आणि पुढचं काही दिसत नाही. इथं जमीन काळी, उघडी आणि लांबवर पसरलेली. शेवटच्या वेचणीचा कापूस पराटीच्या झाडांवर कुठं कुठं चिकटून राहिलेला. मध्येच सागाची पानं झडलेली टेकडी, आणि तिच्या पायथ्याशी एखादा पळस नुकताच पेटायला लागलेला. एवढं आभाळ एका वेळी बघायची मला सवय नव्हती.

कारंज्याला नारायण घ्यायला आला होता. बैलगाडी घेऊन.

"डिस्पोजल कुठाय?" मी विचारलं.

"घरी आहे," तो म्हणाला आणि बैलांच्या दोऱ्यांशी उगाच खटपट करत राहिला. हा माणूस बर्फात, एका बाजूला दरी असताना, गाणं म्हणत गाडी चालवायचा.

नागपूर-अमरावतीचा मोठा रस्ता गावाच्या बाजूनं जातो. ढाब्यांपुढे ट्रक उभे, बाजा टाकून ड्रायव्हर पडलेले. त्या रस्त्यानं थोडं गेल्यावर नारायणनं बैल उजवीकडे वळवले. वळल्याबरोबर उतार आणि उतारावर नाला. नाल्यावर कठडे नसलेला, सिमेंटचा बुटका पूल. त्याला तिकडे रपटा म्हणतात. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरूनच जातं. डांबरी रस्ता रपट्याच्या तोंडापर्यंत येतो आणि संपतो, तोंडाशी नुसता मुरूम. रपट्याची एक कड फुटलेली होती आणि खाली वाळूत खोल चर पडला होता. नारायणनं तिकडे मान वळवली नाही.

घरी कमलवहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा जी भाऊजी, मी आत्ताच चहा आणतो." तिकडे बायकाही 'येतो, जातो' असंच बोलतात. पहिल्यांदा मी चमकून वर बघितलं.

जेवायला भाकरी, भरल्या वांग्याची भाजी आणि गरम वरण होतं. वहिनींनी विचारलं, "सांबार टाकू का वरून?" मला वाटलं, नागपूर जवळ, रेल्वेतली मद्रासी माणसं पुष्कळ, तेव्हा इडलीबरोबरचं सांबार इथंही पोचलं असेल. मी रिकामी वाटी पुढे केली. त्यांनी माझ्या वाटीत चिमूटभर हिरवीगार कोथिंबीर टाकली. मी वाटीकडे बघतो, त्या माझ्याकडे. मग नारायण जो हसायला लागला तो ठसका लागेपर्यंत. कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात. आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून मला त्या फजितीचं काही वाटलं नाही.

जेवण झाल्यावर तो हात धुवायला गेला, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी गाडी पाहाले आले हे मले मालूम आहे. पण पयले यायचे, तुमच्या दोस्ताचे हात पाहा."

"हाताला काय झालं?"

"थे तुमालेच दिसन."

मग त्यांनी काय घडलं ते सांगितलं. संक्रांतीनंतरची गोष्ट. बागेतली संत्री डिस्पोजलमधून मोठ्या रस्त्यावर न्यायची आणि तिथं व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये भरायची, हा रोजचा शिरस्ता. माल उतरवून परत येताना तोडणीच्या बायका मागे बसलेल्या, वहिनी पुढे केबिनमध्ये. रपट्याकडे वळताना स्टिअरिंग वळलं ते वळलेलंच राहिलं. नारायण ते सरळ करायला झुंजत होता, तेवढ्यात खालून धाडकन आवाज झाला, चाक हातातून झटक्यानं फिरलं आणि ट्रकचा मागचा भाग रपट्याच्या कडेवरून खाली गेला. गाडी उलटली नाही हे नशीब. बायका वाळूत पडल्या. बहुतेकींना खरचटण्यावर निभावलं, पण मंजुळाबाईंचा उजवा हात मोडला. तोडणीच्या बायकांची ती मुकादम. तिचा शब्द बाकीच्या मानतात.

"तवापासून कोणी बसत नाई अन् हे चालवत नाई," वहिनी म्हणाल्या. "मी त म्हनतो, देऊन टाका भंगारात. पण मंग संत्र्याचं कसं? आतल्या बागांत दुसरी गाडी जात नाई. बैलबंडीनं नेली त निम्मी दबून जाते."

त्या आतल्या भागात नारायणसारख्या आणखी पाचसहा घरांच्या बागा होत्या. सगळ्यांची संत्री पिकून झाडाला लटकलेली, आणि सगळे डिस्पोजलची वाट बघत होते.

कडुलिंबाखाली

सकाळी मी गाडीपाशी गेलो. कडुलिंबाखाली उभी होती, लष्करी हिरवा रंग उडून पत्रा राखाडी झालेला. जुन्या ओळखीचं माणूस म्हातारं होऊन भेटावं तसं वाटलं. नारायणला म्हटलं, चालव, ऐकू दे.

तो बसला. स्टिअरिंग धरलं तेव्हा वहिनी काय म्हणत होत्या ते दिसलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात, असल्या गाड्यांच्या स्टिअरिंगचं चाक सैल धरायचं, अंगठा आत अडकवायचा नाही. टायरला दगड लागला की चाक फिरतं आणि अंगठा मोडतो. इतरांना हे शिकवणारा नारायण ते चाक बुडणाऱ्यानं फळी धरावी तसं धरून बसला होता.

रपटा ओलांडायला तो तयार झाला नाही. मग मी पलीकडे नेली आणि मोठ्या रस्त्यावर त्याच्या हातात दिली. सरळ जाताना खालून बारीक घरघर येत होती, दळण दळल्यासारखी. वळण घेतलं की स्टिअरिंग जड व्हायचं आणि कट् कट् असा आवाज यायचा. वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ व्हायला हवं, ते होत नव्हतं. ओढून आणावं लागत होतं. गाडी हट्टी बैलासारखी एका बाजूला मान करून चालत होती.

"कारंज्याच्या मिस्त्रीनं चाकाचे बेअरिंग बदलले," नारायण सांगत होता. "मंग दुसऱ्यानं स्टिअरिंगचा डबा खोलला. तिसरा म्हणते पुढचं डिफरन्शल गेलं. आता थे कोठून आणू? या गाडीचं सामान कोणाजवळ नाई."

परत येऊन आम्ही पुढचा अख्खा आस जॅकनं उचलला आणि खाली लाकडाचे ठोकळे दिले. मी एकेक चाक वर-खाली हलवून पाहिलं, मग डावी-उजवीकडे. नारायण स्टिअरिंग हलवत होता आणि मी खाली आडवा पडून कुठला सांधा उशिरा हलतो ते बघत होतो. डाव्या चाकाजवळच्या स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा ढिला सापडला. हात लावून धरलं की खुळखुळ कळत होती. मला फार बरं वाटलं. सांधा आवळला, पिना घातल्या, ग्रीस भरलं. चाकं हातानं फिरवून पाहिली, दोन्ही झकास फिरली. बाहेर येताना डोकं बंपरवर आपटून घेतलं, पण त्याचंही काही वाटलं नाही. वहिनींना ऐटीत सांगितलं, "झालं काम."

मोठ्या रस्त्यावर गेलो. घरघर तशीच, कट् कट् तशीच. स्टिअरिंगचा खुळखुळाट तेवढा गेला होता, पण जडपणा होता तिथंच होता.

गाडी मीच परत कडुलिंबाखाली आणून लावली. नारायण खाली उतरला आणि म्हणाला, "उस्ताद, मले एक सांग. गाडीचं काही नसन त? माझाच हात चुकला असन त?"

वीस वर्षं ज्याच्या हातावर भरवसा ठेवून मी झोपलो, तो माणूस हे विचारत होता. मी म्हटलं, "अजून शोधतोय ना मी." एवढंच.

बागेत

दुसऱ्या दिवशी ठरवलं, गाडी जिथं रोज काम करते तिथं न्यायची. या वेळी मीच चालवायला बसलो. नारायण शेजारी.

संत्र्याची बाग मी आधी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे फळबाग म्हणजे आंबा, खाली पालापाचोळा आणि भरपूर सावली. इथं झाडं बुटकी, गोल, ओळीनं उभी, आणि फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले, कारण फळांचं ओझं त्यांना पेलत नव्हतं. विहिरीचं पाणी नुकतंच दिलेलं होतं. ती काळी माती ओली झाली की काय होते ते मी खाली उतरून अनुभवलं. चार पावलं टाकली आणि पाचव्याला पाय वर आला, चप्पल आली नाही. नारायणनं हात घालून ती उपसून काढली आणि तशीच माझ्या हातात दिली. तिच्या तळाला दोन भाकऱ्यांएवढा गोळा चिकटला होता.

असल्या मातीतून डिस्पोजल सहज चालली. मी पुढं गेलो, मागं घेतली, झाडांच्या ओळीला वळसा घातला. वळसा पुरा करून परत फिरलो आणि एकदम ब्रेक दाबला.

"काय झालं?" नारायणनं विचारलं.

"आवाज कुठाय?"

तो ऐकत राहिला. इंजिन चालू होतं, एवढाच आवाज. मी पुन्हा पूर्ण वळण घेतलं. ना घरघर, ना कट् कट्. स्टिअरिंग दोन बोटांनी फिरत होतं.

"मातीत दबून जात असन आवाज," तो म्हणाला.

"आवाज दबेल. पण जडपणा कसा दबेल?"

इंजिन बंद करून मी तसाच बसून राहिलो. मग म्हटलं, मंजुळाबाईंकडे जाऊ. नारायणचा चेहरा उतरला. अपघातानंतर दवाखान्यात नेऊन आणल्यावर तो रोज त्यांच्या घरी डबा पोचवत होता, पण स्वतः आत जात नव्हता.

मंजुळाबाई अंगणात बसून डाव्या हातानं तुरी निवडत होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज खणखणीत. नारायणकडे बघून म्हणाल्या, "या नारायणभाऊ. रस्ता भुलले का?" त्या बोलण्यात राग नव्हता, पण सूटही नव्हती. तो खांबाला टेकून उभा राहिला.

मी माझी ओळख सांगितली आणि विचारलं, "बाई, त्या दिवशी धाडकन आवाज झाला, तेव्हा चाक कशावर होतं? डांबरावर, का पुलावर?"

त्यांनी जरा विचार केला. "आमी मांगं बसतो, चाकाच्या वर. बुडाखाली काय आहे ते आमाले सगळं समजते. डांबरावर गाडी नुसती कन्हत होती. डांबर सरलं, समोर मुरूम लागला अन् मुरूम लागल्याबरोबर धाडकन झालं. आंदी आवाज झाला, मंग आमी पडलो."

"यानं हात वळवला म्हणून पडलात, असं नाही?"

"नाई जी. आंदी आवाज." मग त्या नारायणकडे वळल्या. "काऊन? यायले काय वाटलं?"

मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

एक चाक

घरी येऊन आम्ही पुन्हा जॅक लावला. या वेळी अख्खा आस उचलला नाही. फक्त पुढचं उजवं चाक जमिनीवरून बोटभर वर घेतलं. केबिनमध्ये पुढच्या चाकांचा जोर सोडायचा दांडा असतो. मातीत जाताना तो घालायचा, डांबरावर आल्यावर काढायचा. नारायणनं तो काढलेला होता, मी पुन्हा ओढून खात्री केली. मग त्याला म्हटलं, "आता चाक फिरव."

त्यानं एका हातानं फिरवायला घेतलं. मग दोन्ही हातांनी. मग पाय रोवून, खांद्याचा जोर लावून. चाक तसूभर हललं नाही.

"जाम झालं का?"

"जाम नाही. काल हेच चाक फिरत होतं, कारण काल दोन्ही चाकं हवेत होती. एक पुढं जायचं, दुसरं मागं, आणि मी फसलो. आज एकच वर आहे. पुढचा जोर सुटला असता तर हे एकटं फिरलं असतं. तू वर दांडा काढतोस, पण खाली जोर सुटतच नाही. ही गाडी कायम चारी चाकांवर चाललीय."

नारायण ड्रायव्हर माणूस, पुढचं त्याला सांगावं लागलं नाही, पण वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांना मी समजावून सांगितलं. वळताना पुढची चाकं लांबून वळतात, मागची जवळून. चारी एकमेकांना बांधलेली असली की त्यांचं अंतर जमत नाही. ओल्या मातीत एखादं चाक थोडं घसरतं आणि जमवून घेतं. डांबर घसरू देत नाही. मग तो ताण खालच्या शाफ्टमध्ये भरत जातो, ओलं लुगडं पिळताना पीळ भरावा तसा. आणि डांबर संपून मुरूम लागला की चाक सुटतं, सगळा पीळ एका झटक्यात मोकळा होतो.

"धाडकन," वहिनी म्हणाल्या.

"हो. आणि ते स्टिअरिंग पकडायला भीम असता तरी त्याच्या हातात राहिलं नसतं."

"पण आंदी काऊन नाई झालं असं? इतके वर्सं चालून राह्यली."

याचं उत्तर नारायणनंच दिलं. दिवाळीनंतर त्यानं पुढचे दोन टायर नवे घातले होते, मागचे झिजलेले. म्हणजे पुढची चाकं किंचित मोठी झाली. त्याआधीही जोर सुटत नसेल, पण ताण थोडा, कळायचा नाही. नवे टायर आल्यावर सरळ रस्त्यावरही पीळ भरायला लागला. ती घरघर त्याचीच.

मी खाली सरकलो. दांड्याकडून एक सळई मागे जाते आणि छोट्या गिअर बॉक्सच्या कानाला पिनेनं जोडलेली असते. तो सांधा दिसतच नव्हता. त्याच्याभोवती काळ्या मातीचा गोळा बसला होता, वर्षानुवर्षांचा, उन्हाळ्यात वाळलेला, पावसाळ्यात वाढलेला. छिन्नी लावून फोडावा लागला, आणि फुटला तेव्हा विटेसारखे तुकडे पडले. आतली पीन झिजून अर्धी झाली होती. दांडा हलायचा, सळई हलायची, पण मधल्या ढिलाईत आणि मातीत सगळी हालचाल मरून जायची.

एक तुकडा नारायणनं हातात घेतला. "माझ्याच वावरातली," तो म्हणाला आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी टेकून बसला. वहिनींनी मला डोळ्यांनी खुणावलं, तसा मी हात धुवायच्या निमित्तानं आत गेलो.

आर्वी

पीन नवी करायला आर्वीला लेथवाल्याकडे गेलो. एसटीनं. बाजाराचा दिवस होता आणि जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या बंड्यांची रांग स्टँडपर्यंत आली होती. बंडीवर कापूस, त्यावर ताडपत्री, त्यावर झोपलेला मालक. बैल आपोआप पुढं सरकत होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, आमच्या चहावरही येऊन बसले. नारायणनं बोटानं काढून टाकले आणि प्यायला. मीही तसंच केलं.

लेथवाला पीन घासत होता तेवढ्यात आम्ही समोरच्या हॉटेलात पोहे खाल्ले, वर तिखटजाळ तर्री. कोल्हापूरच्या माणसानं तिखटाला नावं ठेवू नयेत, पण ती तर्री घशातून उतरताना मला आमचा तांबडा रस्सा मवाळ वाटला.

नारायण अचानक म्हणाला, "मी रोज त्या रपट्यावर जाऊन उभा राहत होतो, उस्ताद. पायी. हात कोठी चुकला ते पाहत होतो. कमलला सांगतलं नाई."

"तिला माहीत आहे," मी म्हटलं.

त्यानं चमचा खाली ठेवला. "काय मालूम आहे?"

"तिनंच मला सांगितलं, आधी हात बघा म्हणून."

त्यावर त्यानं आणखी एक प्लेट पोहे मागवले. येताना वहिनींसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि मंजुळाबाईंसाठीही घ्याव्या का असं मला विचारत उभा राहिला. मी म्हटलं, हात प्लास्टरमध्ये आहे, बांगड्या राहू दे. मग त्यानं गूळ घेतला.

रपटा

पीन बसवली. एक चाक उचललं. नारायणनं दांडा काढला आणि चाकाला नुसती टिचकी दिल्यासारखं ढकललं. ते शाफ्टला घेऊन मुकाट फिरत राहिलं. मागचे झिजलेले टायरही बदलून पुढच्यांसारखी नवी जोडी घालायची, आणि डांबरावर दांडा काढल्याशिवाय कधीच जायचं नाही, हे पक्कं ठरवलं.

दुपारी मंजुळाबाई स्वतःच आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. गावात बातमी पसरली होती. माझं सगळं सांगणं त्यांनी ऐकून घेतलं. चाकांचा, पिळाचा भाग त्यांनी फारसा मनावर घेतला नसावा. शेवटी विचारलं, "म्हंजे मातीनं धरलं होतं?"

"मातीनं आणि झिजलेल्या पिनेनं."

"बरं. मी बसून पाहतो. पुढं बसीन."

वहिनींनी त्यांना केबिनमध्ये चढायला हात दिला. मी मागे, रिकाम्या पेट्यांत. वहिनी दारातच उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मोठ्या रस्त्यापर्यंत रपटा चढून गेलो. तिथून कारंज्याच्या बाजूला लांबवर जाऊन परत फिरलो. डांबरावर गाडी आपल्या म्हातारपणाला शोभेल एवढाच आवाज करत होती. वळणावर मी मागच्या खिडकीतून पाहिलं. नारायणनं चाक फिरवलं, वळण संपलं, आणि त्यानं हात सैल सोडले. चाक त्याच्या तळव्यांतून घसरत आपणहून सरळ झालं. त्यानं ते पुन्हा एकदा करून पाहिलं, गरज नसताना.

मग उजवं वळण, उतार, रपट्याचं तोंड. डांबर संपलं, मुरूम लागला, आणि काही झालं नाही. फुटक्या कडेशेजारून गाडी पलीकडे गेली.

"थांबा," मंजुळाबाई म्हणाल्या.

नारायणनं गाडी उभी केली. त्या उतरल्या. मला वाटलं, आता पायीच जातात घरी. त्या चालत रपट्यावर गेल्या, तुटलेल्या कडेपाशी उभं राहून खाली वाळूत बघितलं, आणि परत आल्या. केबिनकडे न जाता त्या ट्रकच्या मागे आल्या. मी उठून हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, डाव्या हातानं साखळी धरली, पाय चाकावर ठेवला आणि वर चढल्या. जरा धाप लागली होती. मागच्या चाकावरच्या जागी पेटी सरकवून बसल्या.

"समोर बसून काय समजते?" त्या मला म्हणाल्या. "आमच्या बाया त मांगं बसतात."

नारायण केबिनमधून मान बाहेर काढून मागे बघत होता. गाडी पुढे न्यायची की नाही हे त्याला समजत नव्हतं.

"मांगं फिरवा, नारायणभाऊ," मंजुळाबाई ओरडल्या. "डांबरापासून पुन्हा आना. मी इथं बसून पाहतो."

त्यानं गाडी फिरवली.